बोअरला पाणी लागलं, म्हणजे नेमकं कुणाचं लागलं?

२०२५ च्या सप्टेंबरातले मराठवाड्याच्या पुराचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. धाराशिव, बीडकडे पत्र्यावर चढून बसलेली माणसं, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर, वाहून गेलेली जनावरं, आणि काही ठिकाणी तर पीकच काय, शेतातली मातीच गेलेली, खाली नुसता खडक उघडा पडलेला. तेव्हा पुण्यात ऑफिसमधल्या एका मित्राने मला विचारलं, "अरे तुमचा भाग दुष्काळी ना? मग पूर कसा काय?" त्याच्या आवाजात थोडी शंका पण होती बरं का, म्हणजे इतकी वर्षं आम्ही दुष्काळ दुष्काळ करून सगळ्यांना फसवलं की काय अशी.

चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत त्याला नीट सांगता आलं नाही. म्हणून म्हटलं लिहूनच काढू. दुष्काळ आणि पूर या आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, आणि दोन्हीत आभाळाचा हात लोकांना वाटतो तेवढा नाही. माणसाचा बराच आहे.

आधी पायाखाली काय आहे ते बघू

मराठवाड्यात वर्षाला सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने काहीच नाही, पण वाळवंट म्हणावं इतका कमीही नाही. ज्वारी, तूर, हरभरा, करडई, जवस यांना पुरतो. आमच्या आजोबा-पणजोबांनी याच पावसावर घरं चालवली, वाडे बांधले.

घोळ पावसापेक्षा जमिनीखाली जास्त आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, एकावर एक थर साचत गेले, थालीपिठांची चळत असते ना तसे. महाराष्ट्राचा जवळजवळ ८० टक्के भाग या काळ्या खडकावर बसलाय. उत्तर प्रदेश, पंजाबात जमिनीखाली खोलवर गाळ आणि वाळू आहे, तिथे पाणी वाळूने भरलेल्या बादलीत मुरावं तसं मुरतं. आपल्याकडे खाली पाटा-वरवंट्याचा दगड. पाट्यावर तांब्याभर पाणी ओता, किती शोषून घेईल?

तरी विहिरींना पाणी असतं, कारण वरचा तीस-चाळीस-पन्नास फुटांचा खडक ऊनपावसाने कुजून मुरूम झालेला असतो. त्याच्या फटीत पाणी साठतं. ज्या थरात असं पाणी साठतं आणि सरकतं त्याला जलधर म्हणतात. त्याच्याही खाली अखंड पाषाण, आणि त्यात कुठेकुठे भेगा. त्या भेगांत पण पाणी असतं, पण थोडं, आणि ते तिथे पोचायला फार वेळ लागलेला असतो.

चालू खातं आणि एफडी

विहीर म्हणजे बँकेतलं चालू खातं समजा. पावसाळ्यात पगार जमा होतो, उन्हाळ्यापर्यंत खर्च होतो, जूनला परत जमा. बोअर म्हणजे एफडी. आजोबा-पणजोबांनी ठेवलेली. ती मोडता येते, पण मोडली की लगेच परत होत नाही.

आता यातली खरी गंमत अशी की हे खातं जॉइंट आहे. अख्ख्या शिवाराचं एकच खातं, कारण पाण्याला बांध माहीत नाही, सातबारा तर त्याहून माहीत नाही. पण कायदा काय म्हणतो? १८८२ चा इंग्रजांच्या काळातला ईझमेंट कायदा आहे, त्याच्या आधारावर आजही ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी असंच धरलं जातं. म्हणजे खातं सगळ्यांचं, आणि चेकवर सही कुणीही एकट्याने करायची. ज्याची मोटर दहा हॉर्सपॉवरची त्याचा चेक मोठा.

१९७२ चा दुष्काळ बघितलेली माणसं अजून सांगतात, की तेव्हा खायला नव्हतं, मिलो आणि सुकडी खाल्ली, पण विहिरीला प्यायला पाणी होतं. आता उलटं झालंय. रेशनला धान्य आहे आणि प्यायला टँकर. त्याच ७० च्या दशकात बोअर पाडायची मशिनं आली, ती मुळात गावाला प्यायला पाणी मिळावं म्हणून आली होती, युनिसेफने पण त्यात मदत केली. हापसे बसले, बायकांची पायपीट कमी झाली, चांगलंच काम झालं ते. पुढे वीज आली, सबमर्सिबल मोटर आली, तमिळनाडूच्या तिरुचेंगोडच्या बोअरच्या गाड्या हायवेला लागून उभ्या राहायला लागल्या, आणि प्यायच्या पाण्याची एफडी शेतीला मोडायला सुरुवात झाली.

आमच्या चुलत्यांनी सहा बोअर पाडलेत. पहिला दोनशे फुटांवर लागला. शेवटचा साडेआठशे फूट नेला, पाणाड्याने हातावर नारळ उभा करून दाखवला होता, पण बाहेर आला तो नुसता फुफाटा. सहापैकी दोन चालू आहेत आणि त्यातला एक मार्चपर्यंतच.

कायदा नाही असं पण नाही हं. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा आहे, ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीवर त्यात बंधनं आहेत. आता तुम्हीच तुमच्या गावातल्या बोअरची खोली आठवून बघा.

जरा पाटीवर हिशोब मांडू

एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. त्याच्यावर ६८० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं ६८ लाख लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच वाफ होऊन उडतं, काही पिकं पितात, आणि आपल्या खडकात खाली मुरतं साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. याला पुनर्भरण म्हणतात, म्हणजे खात्यात खरोखर जमा झालेली रक्कम. झाले सात लाख लिटर.

आता खर्च. एक हेक्टर ऊस वर्षाला जवळपास २ कोटी लिटर पाणी पितो. त्याच शेतात पडलेला पाऊस त्याने स्वतः वापरला ते वजा करा, तरी दीड कोटीच्या आसपास बाहेरून द्यावं लागतं. बोअरवर ऊस असेल तर एका हेक्टर उसाला वीस-बावीस हेक्टर जमिनीत मुरलेलं पाणी लागलं. म्हणजे एकाच्या उसाखाली वीस जणांच्या जमिनीचं पाणी गेलं, आणि त्या वीस जणांना कुणी विचारलं पण नाही.

मराठवाड्यात ऊस काही वर्षं तीन लाख हेक्टरच्या पुढे गेलाय. गुणाकार केला तर वर्षाला दोनशे टीएमसीच्या वर पाणी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, जवळपास २,८३२ कोटी लिटर). जायकवाडी धरण काठोकाठ भरलं तर १०२ टीएमसी. म्हणजे दोन जायकवाड्या. २०१९ मध्ये तेव्हाच्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊस बंदच करावा असा अहवाल सरकारला दिला होता, त्याला फार वर्षं झाली नाहीत. कारखाने मात्र चालूच आहेत.

आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, जलदूत एक्सप्रेस, ती सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होतं. वरच्या हिशोबाने एक हेक्टर उसाच्या साधारण नऊ दिवसांचं.

पण आता पाऊस वाढलाय म्हणतात, मग भरेल की सगळं

इथे माणसाचा दुसरा हात येतो, आणि हा हात आपल्या गावातला नाही. कोळसा, पेट्रोल जाळून हवा तापली. हवा एक डिग्रीने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. टॉवेल मोठा झाला असं समजा. मोठा टॉवेल ओला व्हायला वेळ घेतो, आणि पिळला की एकदम बादलीभर पाणी सोडतो. म्हणून मधले कोरडे खंड लांबतात आणि पडतो तेव्हा धो धो पडतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्यात. २०२३ चा ऑगस्ट आठवा, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, २०२४ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात हजाराच्या वर टँकर फिरत होते, आणि पुढच्याच वर्षी पूर.

वार्षिक सरासरी काढली तर सगळं ठीकच दिसतं. एक पाय चुलीत आणि एक पाय बर्फात ठेवला तरी सरासरी तापमान छानच येतं.

जमिनीच्या दृष्टीने मात्र दोन पावसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भिजपाऊस चार दिवस पडला तर मुरतो. तेवढाच पाऊस चार तासांत पडला तर वाहतो आणि जाताना माती घेऊन जातो. नळाची धार कितीही मोठी केली तरी अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी तेवढंच जाणार, बाकी सगळं बाहेर सांडणार. वरचा मातीचा थर हीच आपली गाळणी आणि हाच आपला स्पंज, तोच पुरात गेला तर पुढच्या वर्षी चांगला पाऊस पडूनही मुरायला जागा नाही. माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, सरकारी पॅकेजमध्ये तिची भरपाई मिळते पण ती माती कुठून आणणार, तळ्यातला गाळ टाकून किती टाकणार.

एवढं कळतंय तर लोक ऊस लावतातच कशाला?

हा प्रश्न शहरातली मंडळी फार विचारतात, आणि विचारताना शेतकरी हावरट आहे असा एक सूर असतो, तो मला जाम खटकतो.

तुम्ही सोयाबीन लावलं. जूनमध्ये पेरलं, पाऊस गेला, दुबार पेरणी. ऑगस्टला खंड, शेंगा भरल्या नाहीत. काढणीला आलं आणि अतिवृष्टी, शेंगांना कोंब फुटले. त्यातून वाचलं ते बाजारात नेलं, तर २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ होता आणि आडतीवर चार हजार मिळायची मारामार. आता ऊस बघा. तो खंड सोसतो, पाऊस सोसतो, गारपिटीने झोडपला तरी उभा राहतो. कारखाना तोड घेऊन दारात येतो आणि भाव एफआरपीने बांधलेला, म्हणजे कारखान्याने कमीत कमी एवढे द्यायचेच असा केंद्राने ठरवलेला दर. पैसे उशिरा मिळतील, पण मिळतील. सोयाबीनवाल्याला असलं कसलंच वचन कुणी दिलेलं नाही. वर २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत शेतीपंपाची वीज माफ. मोटर बंद करायचं कारणच उरलं नाही.

म्हणजे हवामान जेवढं बिघडतं तेवढा ऊस जास्त भरवशाचा वाटतो, ऊस वाढला की पाणी खाली जातं, पाणी खाली गेलं की पुढचा खंड जास्त लागतो, मग माणूस पुन्हा भरवशाचं काहीतरी शोधतो आणि ते ऊसच असतं. या चक्रात हावरटपणा कुठे आहे मला दाखवा. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागतोय आणि गाव कोरडं पडतंय. शाश्वत विकास हा जड शब्द आपण शाळेपासून ऐकतो, म्हणजे आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या ताटातलं उचलायचं नाही. आमच्याकडे तर पुढच्या पिढीपर्यंत जायची पण गरज नाही, बांधाशेजारच्याच्याच ताटातलं उचललं जातंय.

बिल कुणाच्या नावावर फाटतं

ज्याची पाच परस (पाच माणूस उंचीएवढी खोल) विहीर आणि दोन एकर जमीन, त्याची विहीर सगळ्यात आधी आटते, कारण शेजारचा सहाशे फुटांचा बोअर तिच्या खालून ओढतो. मग त्याच्यापुढे दोन रस्ते. कर्ज काढून बोअर पाडायचा, म्हणजे लाखाचा जुगार. नाहीतर कोयता उचलायचा.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजूर पुरवणारा मुकादम त्यांना तसंच मोजतो, इतके कोयते, तितके कोयते. आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, दिवाळीच्या आसपास निघायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने काढायचे, पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली की भरायची. एक दिवस बुडला तर खाडा, पैसे कापले. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं अशी जातात. घरचं शेत पाण्यावाचून पडलं म्हणून माणूस दुसऱ्याचं पाणी पिऊन वाढलेला ऊस तोडायला जातो, हे मला कितीही वेळा लिहिलं तरी नीट पचत नाही.

पाळीतसुद्धा सुट्टी नाही, पाणी नाही, संडास नाही. दुखणं अंगावर काढायचं आणि मग कुणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाका. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहातली एक. यातली किती ऑपरेशनं खरंच गरजेची होती हा वेगळा विषय आहे, त्यात डॉक्टरांचा पैसा पण आहे. पण मुळाशी जाल तर आटलेली विहीरच सापडेल.

पोरांचं काय? बरोबर नेलं तर शाळा सुटते. मुलगी वयात आलेली असली तर गावात एकटी ठेवायची भीती, फडात न्यायची त्याहून भीती, मग लग्न लावून टाकतात, लग्न झालं की जावई-लेकीचा अजून एक कोयता तयार. एनएफएचएस-५ या केंद्राच्या आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात साधारण २२ टक्के होत्या, बीड आणि परभणीत ४० टक्क्यांच्या वर. शाळा बांधली, सायकली वाटल्या, माध्यान्ह भोजन दिलं, हे सगळं एका बाजूला, आणि विहीर आटली की पोरगी शाळेतून बाहेर. पाण्याचा प्रश्न पाण्यापुरता राहतच नाही.

शेततळी, ड्रिप, नदी खोलीकरण, चाललंय की सगळं

चाललंय, आणि त्यातलं काही खरंच कामाचं आहे. पण शेततळ्याचं बघा. मूळ कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतात आणि बोअर चालवून तळं भरतात. म्हणजे जमिनीखाली सावलीत ठेवलेलं पाणी काढून एप्रिलच्या उन्हात पसरून ठेवायचं. वाफ होऊन जातं ते जातं, वर ते पाणी आता एकाच्या नावावर झालं. जॉइंट खात्यातून काढून स्वतःच्या तिजोरीत ठेवलं, एवढंच.

ड्रिप चांगलं आहे, उसाला तीस-चाळीस टक्के पाणी वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर माणूस अजून एक एकर ऊस लावतो, मीही लावला असता. आणि जलयुक्त शिवार ही राज्य सरकारची पाणी अडवायची योजना, तिथे ९ हजार ६०० कोटींच्या वर खर्च झाला आणि २०२० मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, म्हटलं की भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फार उपयोग झालेला दिसत नाही. काही गावांत फायदा झाला, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण जमा वाढवायची आणि खर्चावर कुणीच बोलायचं नाही, असं घर कधी चालतं का.

आणि ते इस्रायलचं? दर उन्हाळ्यात कुणीतरी फॉरवर्ड पाठवतंच. इस्रायल समुद्राचं पाणी गोडं करून पितो, सांडपाण्यातलं जवळजवळ ९० टक्के शुद्ध करून शेतीला देतो, आणि त्याच्याकडे त्यासाठी पैसा आहे. मुख्य म्हणजे तिथे पाणी सरकारच्या मालकीचं आहे, कुणाच्या सातबाऱ्याचं नाही. हे वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

धूर अमेरिकेने सोडला, आपण काय करणार?

यात तथ्य आहे. अमेरिकेचा माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला साधारण दोन, आणि ऊसतोड कामगाराचा किती असेल ते तुम्हीच ठरवा. २०२२ च्या शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत गरीब देशांना नुकसानभरपाईसाठी फंड काढायचं ठरलं, तो पैसा परंड्याच्या नाहीतर माजलगावच्या शेतकऱ्यापर्यंत कधी आणि कसा पोचणार, देव जाणे.

पण आभाळातलं आपल्या हातात नसलं तरी खात्यातून किती काढायचं हे गावाच्या हातात आहे. अहिल्यानगरचं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पोपटराव पवारांचं. तिथले चर, बंधारे, झाडं बघायला बसच्या बस जातात, पण त्यातली अवघड गोष्ट बंधाऱ्यात नाही. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं गावाने ठरवलं, उसाला नाही म्हटलं, आणि दरवर्षी पाऊस मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून, यंदा कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. पाऊस कमी तर रब्बी कमी, विषय संपला. बंधारा ठेकेदार बांधून देतो. शेजाऱ्याला "यंदा तू कांदा लावू नको" असं तोंडावर सांगणं हे कुठलाच ठेकेदार करून देत नाही. म्हणून दुसरं हिवरे बाजार होत नाही, लोकांना वाटतं तिथे सरपंच भारी मिळाला म्हणून.

पुरानंतर नोव्हेंबरात चुलत्यांचा फोन आला होता. नदीकाठची दीड एकर माती गेलीय, पण विहीर वरपर्यंत भरलीय, बंद पडलेल्या एका बोअरलाही पाणी आलंय. आवाजात किती तरी वर्षांनी जरा जोर होता. म्हणाले, "पाणी बक्कळ हाय, दोन एकर ऊस टाकावा म्हनतो."

मी म्हटलं, "काका, आत्ताचं पाणी बघून नका ठरवू. एक दोरी घ्या, दगड बांधा, विहिरीत सोडून गाठ मारून ठेवा. जानेवारीला परत सोडा, मार्चला परत."

जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आन् शेजारच्यानं लावला तर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोरी मात्र त्यांनी घेतलीय म्हणे.